सी विंग, तिसरा मजला

(मंचरजवळ अर्धवट राहिलेल्या एका गृहप्रकल्पाचा जिना. सकाळ.)

सोमाजी : भिंतीच्या अंगानं या, शेठाणी. कठडा अजून चित्रातच हाय.

मंगलाबाई : नऊ वर्षं हेच सांगताय, सोमाजीभाऊ.

सोमाजी : वॉचमन दुसरं काय सांगनार? ह्यो बघा आला तुमचा दरवाजा. म्हंजी, हितं व्हनार व्हता.

मंगलाबाई : कुंकवाची वाटी धरा जरा. मागच्या पाडव्याला खांबावर काढलेला स्वस्तिक पुसला की हो.

सोमाजी : भिंत न्हाई ना. पाऊस बेल न वाजवता आत येतो.

मंगलाबाई : पुन्हा काढते. हे खाली रिक्षात बसलेत. गुडघे चढू देत नाहीत, डोळ्यांनी नीट दिसत नाही. आता मी खाली गेले की विचारतील, किती राहिलं?

सोमाजी : मागल्या टायमाला काय सांगितलं व्हतं शेठना?

मंगलाबाई : रंग चाललाय म्हटलं. त्याच्या आधी फरशी.

सोमाजी : मंग आता पडदेच ऱ्हायले.

मंगलाबाई : थट्टा नको. त्यांना ते जाहिरातीचं चित्र पाठ आहे. खिडकी, खिडकीखाली ओढा, ओढ्यात बदक. ओढ्यासाठीच सी विंग घेतली त्यांनी. म्हणाले, आमचे आजोबा पाण्यापायी मारवाड सोडून इकडे आले, आता कुठे पाण्याकाठी घर होतंय.

सोमाजी : बदक म्या बी लई हुडकलं.

मंगलाबाई : ती खाली पोरं कसली एवढी? वह्या घेऊन?

सोमाजी : अवसरीच्या इंजिनेरिंग कालेजची. दर साली येत्यात. वस्ती कशी बांधू नये, ते मास्तर हितं दावत्यात. पयल्यांदा मास्तर बोलायचे, म्या ऐकायचो. आता म्या बोलतो, मास्तर सावलीला बसत्यात.

मंगलाबाई : काय सांगता तुम्ही?

सोमाजी : जे हाय ते. दिव्याचं खांब एकतीस, वायर शून्य. रस्ता एवढा रुंद की दोन ट्रक जावं, पर म्होरं दुसऱ्याचा ऊस. पोव्हायचा हौद झाला, प्यायचं पानी न्हाई. हौदात आमच्या मंडळीनं, सोनीबाईनं, भात लावलाय. पोरं त्याचा फोटू काढत्यात.

मंगलाबाई : आणि तुम्ही राहता त्या सॅम्पल फ्लॅटात तरी बरं आहे ना?

सोमाजी : झ्याक. टीव्ही पुठ्ठ्याचा हाय. सोनीबाई रोज पुसती. म्हनती, ह्याच्यावर वंगाळ बातमी येत न्हाई.

मंगलाबाई : बरं, चला उतरू. हे वाट बघत असतील.

सोमाजी : जरा थांबा, शेठाणी. ह्यो कागद हाय. फ्लॅटवाल्यांच्या कमिटीनं दिलाय. सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमची तेवढी ऱ्हायली.

मंगलाबाई : चष्मा रिक्षात राहिला. काय लिहिलंय?

सोमाजी : सी विंग पाडायची.

मंगलाबाई : ...का?

सोमाजी : ही वढ्यावर उभी हाय. वढ्याकाठी न्हवं, वढ्यावरच. ते पानी कोंडून ए अन् बीच्या पायात शिरतंय. ही काडली, वढा मोकळा केला, तर त्या दोन पुऱ्या व्हत्यात. चाळीस घरं ऱ्हायला येतील. सीवाल्यांना मागं टेकाडावर घरं देनार.

मंगलाबाई : कधी?

सोमाजी : ते कागदात न्हाई.

मंगलाबाई : ओढ्याचं हे शोधून कुणी काढलं? त्या कॉलेजवाल्यांनी?

सोमाजी : म्या.

मंगलाबाई : तुम्ही?

सोमाजी : आमी डोंगरातली भातवाली मानसं. पयल्या पावसात लिफ्टच्या खड्ड्यात खेकडं आलं, तवाच कळलं. बिल्डरला सांगितलं, तो हसला. मास्तरनं इचारलं, त्येला सांगितलं, तेनं वहीत लिवलं. आमच्याकडं आदी पानी कुठनं जातं ते बघत्यात, मंग वाट, मंग घर. हितं आदी कमान, मंग चित्र, मंग नारळ.

मंगलाबाई : आणि त्या खेकड्यांचं काय केलंत?

सोमाजी : जैनांची बिल्डिंग म्हनून सोडून दिलं.

मंगलाबाई : खरं सांगा.

सोमाजी : दोन सोडलं.

मंगलाबाई : ...नऊ वर्षं मला जिना चढवलात. एका शब्दानं बोलला नाहीत.

सोमाजी : तुमी कुंकू घिऊन यायच्या. कसं बोलू?

मंगलाबाई : मी नाही सही केली तर?

सोमाजी : तर न्हाई. समदं हाय तसं ऱ्हाईल. पुढच्या पाडव्याला म्या वाटी धरीन.

मंगलाबाई : त्या चाळिसांत लहान पोरं असलेली असतील.

सोमाजी : हायती.

मंगलाबाई : आणा पेन. कुठे करू?

सोमाजी : हितं. हां. ...शेठाणी, शेठना काय सांगनार आता?

मंगलाबाई : खरं तेच. खिडकीखाली ओढा येतोय म्हणून.

सोमाजी : अन् खिडकी?

मंगलाबाई : ती त्यांनी विचारली तर सांगेन. हात द्या, कठडा नाहीये.