शिक्षेची पूर्ण चेष्टा

एकोणीसशे सत्तावन सालच्या कोरड्या उन्हाळ्यात कमलबाई मास्तरीण बुऱ्हाणपूरच्या पोस्टात रांगेत उभ्या होत्या. नव्या राज्याचा हिंदीतला बदलीचा हुकूम पिशवीत होता आणि तो सकाळपासून काही केल्या उमगत नव्हता. पुढे शालिग्रामभाऊ आणि गोटूभाऊ हे दोन म्हातारे एका कागदावर वाकले होते.

"शालिग्रामभाऊ, परत वाचा ना."

"'शिक्षा की पूरी चेष्टा की जाएगी.' असंच लिहिलंय भोपाळवाल्यांनी."

"चेष्टा? आपली?"

"शिक्षेची. म्हणजे आपलीच झाली."

"अर्ज तर साधा होता. तापी आटली, पोरांना पोहायला एकच डोह उरला, त्यात रंगाचं सूत धुणाऱ्यांना शिक्षा करा."

"राजधानी पहिल्यासारखी नागपूरलाच राहिली असती, तर उत्तर मराठीत आलं असतं."

खिडकीतला बाबू हसला. "काका, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश."

"मग ठीक आहे. शिक्षेची कोशिश करतील."

"अन् शिक्षा म्हणजे पढाई."

"पढाई? कोणाची?"

"सूत धुणाऱ्यांची, अजून कोणाची," बाबू म्हणाला.

"ते शिकून काय करतील, गोटूभाऊ?"

"सूत डोहातच धुतील. फक्त अंगठ्याऐवजी सही करतील."

कमलबाईंनी हुकूम काढून पुन्हा वाचला. सोमवारपासून राजघाटावर, डोहाकाठी, सूत धुणाऱ्यांचा प्रौढवर्ग.

शालिग्रामभाऊ मागे वळले. "बाई, तुम्हाला काही कळतंय का यातलं?"

"आत्ताच कळायला लागलं," असं म्हणत त्यांनी हुकूम पदराआड धरला.