एक नंबर मोठे बूट

दुकानातल्या बाकावर निवृत्त मास्तर एका पायात बूट घालून दुसऱ्याची वाट बघत बसले होते. शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या गुडघ्याला पट्टा होता आणि धाकटीच्या पायात डोंगर चढायचे नवे बूट.

"ताई, सॅक पण घ्यायला हवी ना?"

"माझी जुनी ने. एकदाच तर जाणार आहेस, हौसेपायी."

"एकदाच कशाला? तुझा ग्रुप म्हणतोय, दर महिन्याला ये."

"माझा ग्रुप!"

"सगळे तुझी खूप आठवण काढतात गं."

"माझी आठवण काढतात आणि बोलावतात तुला. छान आहे."

"असं काय बोलतेस?"

"मी कुठे काय बोलले? जा बाई. पहिल्याच चढाला जीभ बाहेर आली की कळेल. बूट कसे वाटतात?"

"अंगठा पुढे टेकतोय."

"टेकू दे. बूट घट्टच हवेत. सेलमध्ये आहेत, घेऊन टाक."

"पण उतरताना अंगठा आपटून नख काळं पडतं ना? एक नंबर मोठे घ्यायचे असतात."

"हे शहाणपण कुणी शिकवलं?"

"तूच. ग्रुपच्या वहीत पहिल्याच पानावर तुझ्या अक्षरात आहे. नव्या माणसाला आधी तेच वाचायला देतात."

मास्तरांचा दुसरा बूट आला, पण त्यांनी तो हातातच धरला.

"काढ ते. घरी माझे आहेत, एक नंबर मोठे."

"ते तर तू भंगारात दिलेस ना?"

"नाही दिले."

"मग आहेत कुठे?"

"कपाटात. दर रविवारी पुसून ठेवते."