तळ्याकडचा उतार

बसून चालवायची ती गवतकापणीची गाडी आज खपली, तर विक्रेत्याला महिन्याभराचं कमिशन सुटणार होतं. गिऱ्हाईक होते सत्तरी उलटलेले अप्पा. आडवी आली त्यांची लेक.

“तळ्याकडच्या उतारावर आपली बकरी घसरते, अप्पा. गाडी उलटली तर?”

“चाळीस वर्षं मीच कापतोय तिथलं गवत.”

“पायी. तेव्हा गुडघे शाबूत होते.”

“मग आता काय, खुर्चीत बसून गवत वाढताना बघू?”

लेक विक्रेत्याकडे वळली. “दादा, तुम्हीच सांगा. चालेल उतारावर?”

“त्याला काय विचारतेस? विकणारा कधी नको म्हणतो का?”

विक्रेत्याने पावतीपुस्तक मिटलं. “बकरी घसरत असेल, तर गाडी उलटेल, काका.”

“आणि सपाटीवर?”

“पळेल.”

“द्या मग. उतार हिने कापावा.”

“कापेन,” लेक म्हणाली.

पैसे अप्पांनी मोजले, कमिशन विक्रेत्याने घेतलं, आणि दर पंधरवड्याला तो उतार पायी कापून आपला वाटा लेक फेडत राहिली.