खंडेनवमीला कापलेला पाईप

आमी लोहाऱ्याचे. बाप जीपगाड्यांचा मिस्तरी, स्टँडामागं पत्र्याचं शेड, घरात आई, आमची अव्वा, कानडी बोलायची आन् बाप मराठीतनं शिव्या द्यायचा, मला दोन्ही येतंय. पोरीची जात आन् गाडीखाली जाती म्हणून गल्लीत लई बोलायचे लोक. काय सांगू तुमाला ताई, हे हात बगा, ह्यो काळेपणा मेंदीनं बी झाकत न्हाय, आन् मी झाकत बी न्हाय. बाप गेला तवा जीप भावाला, मल्लूला, आन् शेड आन् पाने-पक्कड मला. दिलेली बी गावातच, मालक कपडे शिवतेत, ते म्हणले तू तुझं शेड चालीव, मी माझी मिशन चालिवतो. झालं.

तर ही जीप. मल्लू लोहारा ते नळदुर्ग सीटा भरून मारतो, आन् पेरणीच्या दिसांत माणसं बी आन् खताची पोती बी. खत ओलं झालं की पाणी होऊन पत्र्यातनं गळतं, आन् खाली असतो ब्रेकचा पाईप, बारीक लोखंडी नळी, मागच्या चाकापर्यंत नेलेली. पाय दाबला की तिच्यातनं ऑइल जातं, तवा चाक थांबतं. त्या नळीला खत खातं. आन् आमच्या लोकांची रीत काय, तर खंडेनवमी आली की गाडी धुवायची आन् खालनं सगळीकडं काळा रंग मारायचा. गंज बी रंगाखाली. वरनं बगितलं की गाडी नवरीवानी.

बापाच्या वक्तापासनं त्या दिवशी जीपला मीच ओवाळते, मी ओवाळल्याबिगर जीप हालत न्हाय. त्या वर्षी बी माहेरी गेले, ताट घेऊन, नवं लुगडं नेसून. गाडी भरलेली, पुढं भावजय, मागं तिची लेकरं, चुलती, शेजारपाजारच्या बाया. तुळजापूरला दर्शन आन् तिथनं घाट उतरून सोलापूरला भावजयीच्या माहेरी. मला सवय, ओवाळायच्या आदी खाली वाकले, नळीला नख लावलं, तर रंगासंगट पापुद्रा निघाला, आत चुरा. म्या म्हणलं मल्लू, आज ही जीप घाट उतरायची न्हाय, एष्टीनं जावा. तर त्यो म्हणला वरीसभर अशीच पळायलीय, तुला आजच बरं दिसलं. चुलती म्हणली शुभ दिशी तोंड वाईट करू नको. म्या म्हणलं मग ओवाळत न्हाय. मल्लूचं डोकं फिरलं, सगळ्यांदेखत म्हणला, ओवाळायचं नसंल तर परत ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय.

बाईला माहेर म्हंजे काय, ते तुमाला सांगायला नको. अव्वा न्हाय, बाप न्हाय, ह्यो एकच उंबरा. पण त्याच गाडीत त्याचीच लेकरं बसलेली, खिडकीतनं आत्या आत्या करायलेली.

ताट बॉनेटवर ठिवलं, शेजारच्याच माझ्या शेडातनं पक्कड आणली, आन् नव्या लुगड्यासकट गेले खाली. कुणाला काय कळायच्या आत नळी कापली. सगळं ऑइल भावजयीनं काढलेल्या रांगोळीवर. बाहीर आले आन् म्हणलं, आता ने.

मल्लूनं हात उचलला न्हाय, पण त्या दिसापासनं पंचमीला बोलावणं न्हाय, दिवाळीला न्हाय. चुलती गावभर सांगती, करणी केली भावाच्या गाडीवर. करू दे बोभाटा. कुणी म्हणतं पाया पड, मिटीव. कशाला पडू? आज बी तीच गाडी समोर उभी केली तर आज बी कापीन, आन् पक्कड बी तीच हाय.

मल्लूनं जीप उमरग्याला दुसऱ्या मिस्तऱ्याकडं नेली. माझ्याकडं कशी आणंल? औंदा खंडेनवमीला म्या माझ्या पान्यांची पूजा केली आन् स्टँडावरनं घरी निघाले, तर जीप उभी, हार घातलेली, मल्लू हॉटेलात च्या पीत बसलेला. मला बघतोय हे मला दिसत होतं. मी भर स्टँडात वाकले. चेसीला काळा रंग, ताजा, चकचकीत, आन् ब्रेकची नळी नवी, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर, तिला तेवढा रंग मारलेला न्हाय. उघडी ठिवलेली. कुणासाठी, ते मला कळलं की ओ ताई.

उभी ऱ्हायले तर त्यानं तोंड फिरिवलं. बोटाला पूजेचं कुकू होतं, परत वाकले आन् त्या नळीला लावलं. मनात म्हणलं मल्लू, नको बोलूस, नको बोलावूस, सुखानं जा. आन् थांबायचं आलं की थांब, बाबा.