नववं पान

मार्लीस : कॉफी नको म्हटलं ना मी. तुम्ही बसा. एक पान वाचून दाखवायला आलेय, तेवढं झालं की जाते.

लॉइड : अहो, पण तुम्ही कोण ते तरी सांगा. मंडळाच्या वकिलांनी पाठवलंय का? त्यांना सांगितलंय मी, सोमवारी सही देतो म्हणून.

मार्लीस : वकील अशी दिसते? शाळेची बस चालवते मी. एमिट श्रोडरची आई.

लॉइड : अरे देवा... बाई, मी तुम्हाला पत्र लिहिणार होतो. तीनदा बसलो लिहायला.

मार्लीस : तुम्हाला लिहायला छान जमतं की. ही तुमच्या फ्रॅटर्निटीची, त्या कॉलेजातल्या बंधुमंडळाची पुस्तिका, त्याच्या उशीखाली सापडली. नववं पान तुम्हीच लिहिलंय ना?

लॉइड : हो. एकाहत्तर साली. मंडळाचा चिटणीस होतो मी.

मार्लीस : ऐका मग. ‘नोव्हेंबर १९६३. पूल पुरानं वाहून गेलेला. पलीकडे कॉलेजचे डीनसाहेब पाच वाजता घरी जाणार, आणि त्यांच्या सहीवाचून मंडळाला मान्यता नाही. आम्ही पाच जण एकमेकांच्या कमरेचे पट्टे धरून ओटर नदीत उतरलो. गस लिंडालला पोहता येत नव्हतं. पण ज्याचा पट्टा भावाच्या हातात आहे, तो बुडत नाही.’

लॉइड : नका वाचू. पाठ आहे मला.

मार्लीस : एमिटलाही होतं. बशा विसळताना म्हणायचा. त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी कान फुटायचा, म्हणून मीच कधी पाण्यात जाऊ दिलं नाही. मंडळात घ्यायचं म्हणून पोरांनी त्याला नदीत उतरवलं, तेव्हा काठावर त्यानं सांगितलं तसं. तर पोरं काय म्हणाली असतील?

लॉइड : ...गसलाही येत नव्हतं.

मार्लीस : अगदी हेच शब्द. शेरीफच्या चौकशीच्या कागदात आहेत. मधोमध गेल्यावर बकल तुटलं. पट्टा त्याच्या मित्राच्या, टॅनरच्या हातात राहिला आणि माझा पोरगा गेला. दोन दिवसांनी धरणाच्या जाळीपाशी सापडला. पँट एक माप मोठी मीच घेतली होती, कॉलेजात अंग धरेल म्हणून.

लॉइड : बाई...

मार्लीस : रडायला नाही आले मी. एकच विचारायचंय. गस कसा पार झाला? तुम्ही त्याला धरलं कसं होतं? आमच्या पोरांचं नेमकं काय चुकलं?

लॉइड : तुम्ही घोटभर कॉफी घ्या ना.

मार्लीस : गस कुठे राहतो ते सांगा. त्यालाच विचारते.

लॉइड : गेला तो. चौघंही गेले. मी एकटा उरलोय.

मार्लीस : मग तुम्हीच सांगा.

(लॉइड उठतो, भिंतीवरच्या पाच तरुणांच्या फोटोपाशी जातो. पाठमोराच बोलतो.)

लॉइड : गस गाडी चालवत होता.

मार्लीस : कुठली गाडी?

लॉइड : त्याच्या बापाची, दुधाची. आम्ही चौघं मागे कॅनवर बसलो होतो. पुलाला काही झालेलं नव्हतं. डोनट खात खात गेलो. सही झाली तेव्हा साडेतीनही वाजले नव्हते.

मार्लीस : कुणाचे पायसुद्धा भिजले नाहीत?

लॉइड : नाही.

मार्लीस : मग का लिहिलंत हो असं?

लॉइड : मोठ्या मंडळांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. तुमच्या बुटांना शेणाचा वास येतो म्हणाले. मग पशुखाद्याच्या दुकानावरची खोली घेतली आम्ही. पाच खुर्च्या, एक शेगडी. ज्याला कुणी घेत नाही त्याला आपण घ्यायचं, एवढाच नियम. पुढे दुसऱ्या कॉलेजची पोरं शाखा मागायला आली आणि म्हणाली, तुमची कथा काय? बाकीच्यांचे संस्थापक लढाईत मेलेले, शपथा लॅटिनमधल्या. आमच्याकडे काय, तर डोनट!

मार्लीस : म्हणून नदी घातलीत.

लॉइड : गंमत म्हणून. गस पोट धरधरून हसला होता. पण त्या पोरांनी खरं मानलं. नोव्हेंबरात पाण्यात उतरली आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं. काठावर ब्लँकेटं घेऊन उभा होतो मी. एकेक पोरगा कुडकुडत बाहेर यायचा आणि मला मिठी मारायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगवलं. फार बरं वाटत होतं मला.

मार्लीस : आता किती शाखा आहेत?

लॉइड : एकेचाळीस.

मार्लीस : नदी नसेल तिथे?

लॉइड : तळं शोधतात. एका ठिकाणी पाणी साठलेली दगडाची खाण आहे.

मार्लीस : आणि सोमवारी सही कशावर करताय?

लॉइड : कोर्टासाठीच्या जबाबावर. की मी स्वतः नदी ओलांडली होती. प्रथा नीट पाळली तर धोका नाही. चूक त्या पोरांची, मंडळाची नाही.

मार्लीस : वा! टॅनर रोज दुपारी माझ्या अंगणात येऊन उभा राहतो, ठाऊक आहे? आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणतो, काकू, मी नीट धरलं नाही. एकोणीस वर्षांचं पोर ते. त्याला वाटतंय, गसला कुणीतरी धरलं होतं आणि आपल्याला तेवढंही जमलं नाही. जन्मभर तेच वाटत राहणार त्याला.

लॉइड : मी... हे कधी माझ्या मनातच आलं नाही.

मार्लीस : आणखी ऐका. या शनिवारी बारा शाखा पाण्यात उतरणार आहेत. एमिटच्या स्मरणार्थ. त्याच्या नावाच्या टोप्या छापल्यात, एक मलाही पाठवलीय.

लॉइड : एमिटच्या...? नाही नाही. अहो, थांबवा त्यांना!

मार्लीस : मी केले ना फोन. आई आहे, दुःखात आहे, म्हणतात आणि गोड बोलून ठेवून देतात. हा माझा फोन धरा. इथे बघून बोला. मघाशी दुधाच्या गाडीचं सांगितलंत, तसंच.

लॉइड : बाई, मला बायको नाही, मूल नाही. माझ्यामागे एवढं एकच उरणार आहे.

मार्लीस : मलाही एकच होता.

लॉइड : ...कुठे बघू? इथे?

मार्लीस : हं. चालू केलंय.

लॉइड : थांबा जरा. पोरं माझं ऐकतील का पण? म्हातारा बरळतोय म्हणतील.

मार्लीस : माझ्या एमिटनं ऐकलं होतं तुमचं.