जावयानं मागितलं इंजन

...अन् जावयाला न्हाई म्हणता येतंय का? तुमीच सांगा! धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई जेवायला आलते, आमच्या मंडळीनं, सत्यशीलानं, कढईभर तेलात पुरणाचे धोंडे तळले, अन् मी आपला मोठेपणात बोलून गेलो, "जावईबापू, मागा काय पायजे ते!" मला वाटलं, मागून मागून काय मागतेल, अंगठी! तर युवराजराव म्हणतेत, "मामा, विहिरीवरचं इंजिन द्या, प्रयोगाला." इंजनेरी कॉलेजात मास्तर हायेत ना! आता भर उन्हाळा, मोसंबीनं माना टाकलेल्या, लाइटीचा पत्ता न्हाई, सगळी बाग त्या एका डिझेलच्या इंजनावर... पण जावयाला न्हाई म्हणता येतंय का?

झालं! खोललं की इंजन! म्हनलं, "बापू, हे कावून?" तर म्हणे, "मामा, डिझेल बंद. हे तळणाचं उरलेलं तेल जाळायचं. ते घट्ट असतं, नीट फवारत नाही. पण बॅटरीतून विजेचा भार दिला, की थेंब एकमेकांना ढकलतात, फुटतात, बारीक होऊन पांगतात." म्हनलं, कळलं, वाटणी झालेल्या भावावानी! तर बांधाच्या पल्याड आमचा थोरला भाऊ बजरंग, तिथून वरडला, "मला बोलायलास का बे?"

जावई म्हणले, "मामा, या तारेला हात लावू नका." बास, लावला! आई गं... मिशा ताठ! लेक संस्कृती माझ्यावरच डाफरली, "आप्पा, त्यांच्या कामात लुडबुड करू नका!" म्हंजी झटका मला अन् बोलणी बी मलाच!

हँडल मारलं... फुस्स. परत मारलं... फुस्स. गेली बाग, म्हनलं, लेकरावानी वाढवलेली... अन् तेवढ्यात धडधडधड! पाणी आलं की हो! लई आनंद झाला, नाचायचाच राहिलो!

मग जावई गेले गावाला, अन् तेल संपलं. फोन केला, डिझेल घालू का? "नको मामा, आता ते तळणाच्या तेलावरच बसवलंय. सुट्टीत येऊन बदलतो." आत्ताच येऊन बदला म्हणावं का? जावयाला न्हाई म्हणता येतंय का?

तवापासून मंडळीची कढई उतरंना. सकाळी भजे, दुपारी वडे, सांच्याला पुऱ्या. म्हनलं, "बास कर!" तर म्हणती, "तळलेलं टाकून देऊ का? खा मुकाट्यानं, बागेला पाणी द्यायचंय!" बाग हिरवीगार झालीय, खोटं कशाला बोलू...

पण काल पोट बिघडलं, म्हनून उपास धरला, तर आमचा गडी नाथा शेतातून फोन करतोय, "मालक, दोन प्लेट भजे तेवढे खाऊन घ्या की, पाच-सहा झाडं राह्यलेत!"

...खाल्ले. काय करता!