शुगर कमी झाली!

नवरा : ...आणि अ‍ॅम्ब्युलन्स कशाला? गल्लीभर वरात काढायची होती माझी?

बायको : हो, हौसच आहे ना मला वरातीची! पहिल्या वरातीतून काय पदरात पडलं, ते बघतेच आहे.

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : काका, बोट द्या. जरा टोचेल. काकू, काय झालं नेमकं?

बायको : इन्सुलिन टोचून घेतलं, ताटावर बसले, आणि भाजी आळणी म्हणून ताट सरकवलं. साठी बुद्धी नाठी! आता घामाने डबडबलेत, हात कापताहेत, तरी तोंड चालूच.

नवरा : आळणी नव्हती. भांडी विसळलेलं पाणी होतं.

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : शुगर चव्वेचाळीस. फार कमी झालीय, काका.

नवरा : ऐकलंस? कमी झाली! डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतोय, कमी करा, कमी करा. घे, एका रुसव्यात करून दाखवली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : वा! आणखी थोडी कमी करा, म्हणजे कायमचेच बरे व्हाल. हे साखरेचं पाणी, प्या.

नवरा : साखर? डायबेटिसवाल्याला? हिनं पढवलंय तुम्हाला. विष आहे ते मला.

बायको : विषच द्यायचं असतं तर इतकी वर्षं रांधत कशाला बसले असते?

नवरा : तेच तर... तू ते... पाणी... ती...

बायको : बोला की पुढे. मला बोल लावताना कधी जीभ अडखळली नाही तुमची. अहो? अहो! ताई, हे उलटून का बोलत नाहीत?

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : काका, इकडे बघा. गिळता येतंय ना? एक घोट. हां, शाब्बास. काकू, तुम्ही ओतू नका, ठसका लागेल! शुद्ध गेली तर तोंडातून काही द्यायचं नाही, मी शिरेतून देईन.

बायको : प्या हो. पाणीच होतं ती भाजी, माझंच चुकलं. हव्या तेवढ्या शिव्या द्या मला, पण प्या.

(अ‍ॅम्ब्युलन्सवाली घोट घोट पाणी पाजते आणि थोड्या वेळाने पुन्हा बोट टोचून शुगर बघते.)

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : चढली शुगर. काका, ऐकू येतंय?

नवरा : येतंय. हिचं तर सगळ्या गल्लीला ऐकू येतंय.

बायको : आले शुद्धीवर!

अ‍ॅम्ब्युलन्सवाली : आता पोटात काहीतरी घाला आणि दवाखान्यात चला. इंजेक्शनचा जोर अजून उतरलेला नाही. स्ट्रेचर आणते.

नवरा : आणा. पण आधी हिला टेकू द्या त्यावर. पाय बघा कसे लटपटताहेत तिचे.